पानाफुलांची भिंत

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईच्या मागे हिरव्यागार पानाफुलांचा वॉलपेपर दिसायचा आणि परदेशातल्या लेकीचा जीव भांड्यात पडायचा. दादानं आईची खोली किती हौसेनं सजवलीय, हे ती भेटेल त्याला सांगायची.

या खेपेला ती न कळवताच आली. खोलीचं दार उघडलं तसा कुबट वास नाकात शिरला. वॉलपेपरची भिंत सोडून बाकीच्या तिन्ही भिंतींना काळी बुरशी चढली होती, आईच्या ओलसर गादीवर झुरळं फिरत होती.

"दादा, वॉलपेपर एकाच भिंतीला कसा?"

दादानं मान फिरवली. आई मात्र कौतुकानं म्हणाली,

"अगं, तुझा फोन यायच्या आधी तो मला उचलून तिकडे बसवतो."