एक वीत खाली

डॉक्टरबाईंनी भिंतीला हात लावला, की चढाईच्या हॉलमधली बडबड आपोआप थांबायची. गाद्यांवर फतकल मारून बसलेली मंडळी माना वर करायची. बाई दातांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघून मान आखडलेली. पण भिंतीवर चढल्या की बघत राहावं. ओढाताण नाही, धापा नाही. पाय अलगद टेकवायच्या, कंबर भिंतीला लावायच्या आणि हात पुढच्या होल्डवर, धरायच्या त्या रंगीत खुंटीवर, असा जायचा, जसा आपला स्वयंपाकघरात न बघता मिठाच्या डब्यावर जातो.

"यांना बघूनच पोट भरतं माझं," कोणीतरी म्हणालं.

"मग चढतोस कशाला? बस की बघत," शेजारच्याने हाणलं.

दोघी बहिणींतली थोरली शिडीला टेकून उभी होती. भिंतीवर होल्ड बसवायचं काम तिचं. कुठला होल्ड कुठे आणि किती तिरका, ते ती ठरवणार आणि बाकीच्यांनी त्यावर झुंजायचं. एकदा बसवलेला होल्ड भिंतीवरचे सगळे होल्ड उतरवेपर्यंत हलवायचा नाही, कोणी कितीही रडो, हा नियमही तिचाच. तोच तिने आज सकाळी, हॉल उघडायच्या आधी, मोडला होता. पिवळ्या होल्डांच्या वाटेतला सगळ्यात वरचा काढून तिने एक वीत खाली लावला होता. धाकट्या बहिणीसाठी.

धाकटी मागच्या हिवाळ्यात वेडीवाकडी पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाड सांधलं, भीती राहिली. त्यानंतर ती पिवळ्या वाटेने शेवटच्या होल्डच्या अलीकडपर्यंत चढायची आणि तिथून मुकाट्याने एकेक होल्ड धरत खाली यायची. कारण पुढे उडी होती, आणि उडी म्हटली की पडणं आलंच. "उद्या मारते," म्हणायची. आता उद्या भिंत उतरवून सगळे होल्ड धुवायचे होते. काल घरी जाताना ती म्हणाली होती, "ताई, मी सोडून देते गं हे. नाही व्हायचं माझ्याच्याने." एक वीत खाली म्हणजे उडीच नको, हात लांबवला की झालं.

आणि डॉक्टरबाई नेमक्या पिवळ्या वाटेकडे वळल्या.

"ती कशाला हो आता?" थोरली घाईघाईने म्हणाली. "तोंडपाठ आहे की तुम्हाला."

"म्हणून तर. उद्या ती वाट जायच्या आधी एकदा भेटून घेते तिला."

चढल्याही भराभर. शेवटची उडी त्यांनी नेहमीसारखीच न बघता मारली. पंजा थाडकन कोऱ्या भिंतीवर बसला आणि बाई पाठीवर गादीत आल्या.

"अगं बाई! होल्ड कुठे गेला?"

सगळ्यांनी वर पाहिलं. बुटांनी काळ्या आणि पावडरीने पांढऱ्या झालेल्या भिंतीवर एक स्वच्छ गोल उरला होता, जुनं घड्याळ काढल्यावर उरतो तसा. त्याच्या खाली पिवळा होल्ड. गादीवर बसलेल्या धाकटीने गोल पाहिला, होल्ड पाहिला, मग बहिणीकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. थोरली शिडीवरची नसलेली धूळ पुसायला लागली.

"ताई, हे माझ्यासाठी?"

"छे गं, तो जरा सैल झाला होता, म्हणून..."

"ताई."

"हो, तुझ्यासाठी! काय करू मग? सोडते म्हणालीस. रात्रभर डोळा लागला नाही माझा."

"मग पायऱ्याच बांधायच्यास. वर कठडाही लावायचास!"

एरवी यावर हॉल हसला असता. आता डॉक्टरबाईसुद्धा बुटाची नाडी सोडून परत बांधत बसल्या. धाकटीने शिडी स्वतः ओढत आणून भिंतीला लावली.

"जिथे होता तिथे लाव."

थोरली वर चढली. होल्ड त्याच्या गोलात बसवला आणि पान्याने गरजेपेक्षा जास्तच आवळला.

धाकटीने हाताला पावडर लावली आणि भिंत धरली. तिचं चढणं डॉक्टरबाईंसारखं नव्हतं. गुडघा शिवणयंत्रासारखा थडथडत होता, श्वास हॉलभर ऐकू येत होता. नेहमीच्या जागी ती थांबली. खालून कोणी हूं की चूं केलं नाही. न विचारता सांगायचं नाही, ही इथली रीत. थोरलीला डोळे मिटावेसे वाटत होते. तिने ते मिटले नाहीत.

धाकटीने एकदा खाली बघितलं, मग वर. आणि उडी मारली.

दोन बोटं होल्डवर क्षणभर टेकली, मग निसटली.

गादीवर धप्प आवाज झाला. पाय दुमडून, हात छातीशी घेऊन, शिकवलं होतं तशी ती मागे लोळली आणि तशीच पडून राहिली. कोणी हललं नाही. मग तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती.

"एवढंच?" ती छताकडे बघत म्हणाली. "ताई, एवढंच असतं?"

आवाज ऐकून बाहेर गल्ल्यावर बसणारे काका धावत आत आले. "काय झालं? कोण पडलं?"

"पडली!" थोरली पाना उंचावून ओरडली. डोळे वाहत होते, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. "काका, माझी बहीण पडली!"

काकांना काही कळेना. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि पडलेली मुलगी पुन्हा हाताला पावडर लावत होती.