ब्रूसची नोकरी

लॉकडाऊनमध्ये घरोघरी कॉम्प्युटर हवे झाले, तशी ऑस्ट्रेलियात पॅरामॅटातल्या एका कॉम्प्युटर जुळवून देणाऱ्या दुकानाने माणसं हवीत अशी जाहिरात दिली. व्हिसाचे तीनच महिने उरलेल्या सुयश गजभियेने लगेच अर्ज ठोकला. दुकानाचा मालक ग्रेग व्हिडिओवर गोड हसला. "सॉरी मेट, तुला इथला लोकल एक्स्पिरियन्स नाही ना!"

आता पुढची गंमत ऐका. हाच सुयश इंटरनेटवरच्या एका फोरमवर 'ब्रूस' या अस्सल ऑस्ट्रेलियन नावाने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला फुकटचे सल्ले वाटायचा. त्याच दुपारी तिथे दुकानाच्या नावानिशी ग्रेगची हाक आली, "नवी रॅम बसवली आणि स्क्रीन काळी! वीस मशिनी अडकल्यात."

ब्रूसने लिहिलं, "ही रॅम त्या मदरबोर्डला चालत नाही. बत्तीसशे स्पीडच्या रॅमची जोडी घे, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव."

दिवेलागणीपर्यंत वीसच्या वीस मशिनी उजळल्या. ग्रेगने लिहिलं, "ब्रूस, लेजंड आहेस तू! सोमवारपासून आमच्याकडे कामाला ये."

सुयशने लिहिलं, "पण मला लोकल एक्स्पिरियन्स नाही."

"त्यात काय, मेट! तो आठवडाभरात येतो."