‘सा’च्या शेजारचा सूर

“थांबा, थांबा! कोणीतरी बेसूर होतंय,” सिल्व्हर पार्क सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्र तालीम थांबवत खुर्चीतून उठून म्हणाले.

“नाही सर, बरोबर आहे ते,” संचिता पेटीवरून म्हणाली. चाल तिनेच बांधली होती. मुलाची वाट पाहणाऱ्या आईचं गाणं. ‘अजून नाही आला’ या शेवटच्या ओळीवर बाकीच्या बायका ‘सा’ धरायच्या आणि एकट्या हंसाबेन त्याला लागून असलेला कोमल ‘रे’. दोन सूर एकमेकांवर घासायचे.

“कानाला टोचतंय हो! उद्या अख्खं सिल्व्हर पार्क हसेल आपल्याला.”

“टोचू दे ना. ती बाई दाराकडे बघत बसलीय. तिला कुठे बरं वाटतंय?”

हंसाबेनना हे पटलं होतं, पण जमत नव्हतं. सगळ्यांचा ‘सा’ कानावर आला की त्यांचा गळा आपोआप तिकडे घसरायचा. “मी एकटीच चुकतेय असं वाटतं गं,” त्या म्हणाल्या. “भीती लागते.”

“चुकताय असंच वाटणार, हंसाबेन. तरी सोडू नका.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमाला हॉल भरला. शेवटची ओळ आली. बायकांनी ‘सा’ धरला, हंसाबेननी ‘रे’ लावला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. पुढच्या खुर्च्यांत चुळबुळ झाली. जितेंद्रनी मान खाली घातली. हंसाबेनचा आवाज थरथरला.

पण त्या घसरल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी सूर आणखी घट्ट धरला. शब्द संपले, नुसता ‘आ’कार उरला, तरी सोडला नाही. मागचं हसू थांबलं. चुळबुळ थांबली. आता हॉलमध्ये कोणालाच नीट श्वास घेता येत नव्हता. जितेंद्र खुर्चीच्या कडेवर सरकून एकटक हंसाबेनकडे बघत होते.

अगदी दम संपता संपता तो ‘रे’ सावकाश खाली उतरला आणि बाकीच्यांच्या ‘सा’मध्ये मिसळून गेला.

टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही. त्या शांततेत पहिल्या रांगेतल्या चंपाकाकूंनी शेजारणीचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्या म्हणाल्या,

“आला गं बाई, आला!”