डागाचं माप

शिवणाच्या दुकानाच्या मास्तरीणबाईंनी पिशवीतून सहा कागद काढले आणि हुकमाची पानं टाकावीत तसे डॉक्टरांच्या टेबलावर टाकले. "घ्या, सहा वर्षांचा पुरावा."

कागद बटरपेपरचे होते. बाईंच्या डाव्या हातावर, कोपराखाली, एक कडक चकचकीत डाग होता. स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी घट्ट होण्याचा आजार. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमचा त्वचेपुरता आहे, आतल्या अवयवांना धरणारा प्रकार वेगळा. बाईंनी ते पक्कं मनात धरलं. त्यात हयात शिवणकामात गेलेली. मापाशिवाय विश्वास ठेवणार कशावर? दर वर्षी डागावर कागद धरायचा, कडेकडेनं पेन्सिल फिरवायची, मागे तारीख टाकायची. डाग दोराभरही वाढला नव्हता.

आज त्यांना सुनेनं ओढून आणलं होतं. गार पाण्यात हात घातला की आईंची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी. सकाळी सुजलेली असतात. घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. सुनेनं सगळं घडाघडा सांगून टाकलं. बाईंनी डोळे वटारले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. दुकानात कापडावर खडूची पहिली रेघ बावीस वर्षं त्यांचीच पडत होती. खडू सुनेच्याही हाती दिला नव्हता. आजार आत शिरला असं डॉक्टर म्हणाल्या, की खडू गेलाच म्हणायचा.

डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली, नखांच्या मुळांशी भिंग धरलं. दोन्ही प्रकार वेगळे हे खरं, त्या म्हणाल्या, डागाचा आजार सहसा आत शिरत नाही. पण काही थोड्या जणांना दोन्ही असतात, एकाच अंगात. तपासण्या करू. लवकर कळलं तर औषधांनी बरंच आवरता येतं.

बाई कसल्या ऐकतात! डाग तेवढाच असताना आजार वाढेल कसा, हा त्यांचा एकच हेका. त्यांनी सहाही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. खरंच, सगळे तंतोतंत जुळत होते.

फक्त एका कागदावरची रेघ तुटक होती. जागोजागी पेन्सिल उचललेली, कुठे थरथरलेली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. तो कागद त्यांनी गठ्ठ्यातून ओढला आणि सुनेपुढे धरला.

"हा तू काढलास ना गं? माझ्या कागदांत कशाला घुसवलास? शिकाऊ हात मी लांबून ओळखते. असल्या हातात मी खडू देणार नाही."

सुनेनं कागद हळूच उलटा केला. मागे तारीख होती, मागच्याच महिन्याची. तिनं सासूची गार बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली.

"तुमचाच आहे, आई."