पानावर आडवे हात

भाचीच्या लग्नाच्या पंगतीत शालन जिलब्यांचं ताट घेऊन आली आणि भावाचं पान सवयीने ओलांडून पुढे गेली. त्र्यंबकला वाढायचं नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. घास गिळला की त्याचं हृदय भलत्याच तालात धावू लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. कित्येक वर्षं तो पंगतीत नुसता बसे, पानावर दोन्ही हात आडवे धरी आणि घरी जाऊन चमच्याचमच्याने पेज घेई.

"शालन, मला वाढ की."

ती थबकली. "दादा, नक्की ना?"

त्याच्या अन्ननलिकेमागे आता तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र होतं. गिळण्याची चाहूल लागताच ते हृदयाला सावरून धरायचं. दवाखान्यात मऊ भातावर ते पास झालं होतं. जिलबीचं कुणी पाहिलं नव्हतं.

तिने भीतभीत एक वाढली. त्र्यंबकने तुकडा मोडला, चावला आणि डोळे मिटून गिळला. शेजारची माणसं जेवायची थांबली. शालनने ताट खाली ठेवून त्याचं मनगट धरलं. नाडी सरळ चालली होती.

"मठ्ठा कुठाय?" तो म्हणाला.

मग अळूची भाजी आली, मसालेभात आला, पुन्हा जिलबी आली. शेवटी त्याने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"आता नको गं. पोट भरलं."

शालन त्या हातांकडे क्षणभर बघत राहिली.

"ते काही चालायचं नाही," म्हणत तिने त्याच्या बोटांच्या फटीतून आणखी एक जिलबी पानात सरकवली.