सव्वीस चुण्या

"गुडघ्यावर बस," शोनाग म्हणाली.

मर्डो धापा टाकत जमिनीवर बसला. किल्टची, पुरुषांच्या त्या चुणीदार लोकरी घागऱ्याची, उंची माणसाला गुडघ्यावर बसवूनच बघतात. खालची कड जमिनीच्या जेमतेम वर राहायला हवी. मर्डोची पुढून चांगली तीन बोटं वर उचलली गेली होती आणि कमरेची बक्कलं तर लागतच नव्हती.

"आटला की काय गं धुऊन धुऊन?"

"लोकर नाही आटली. पोट सुटलंय तुझं."

तो मोकळेपणाने हसला. त्याचं हे हसणं बावीस वर्षांपूर्वी तिला आवडलं होतं. घटस्फोटानंतर आता, या शनिवारी, याच किल्टमध्ये तो जिलियनशी लग्न करणार होता. स्टॉर्नोवेत, त्या स्कॉटिश बेटावर, किल्ट शिवणारी शोनाग एकटीच, आणि हा तर तिनेच शिवलेला. "दे ना करून, आई," इशबेल फोनवर म्हणाली होती. "तुमच्या भांडणाचा कंटाळा आलाय मला." लेकीचा शब्द मोडायचा नाही, म्हणून शोनाग हो म्हणाली. चार बायका म्हणायच्या, एवढं सोसलं म्हणून शोनाग आता निवली. अलीकडे तिलाही तसं वाटू लागलं होतं.

तिने खडूने खूण केली. कमरेला टेप लावली. दोन्ही बाजूंना दाब ठेवलेला होता. उसवून दीड-दोन इंच सहज निघाले असते. एका दुपारचं काम.

"जिलियन म्हणते, असे टाके आता कुठल्या दुकानात मिळत नाहीत," मर्डो गुडघ्यावरूनच म्हणाला. "मी म्हटलं, अगं, तेव्हा हिला वेळ होता. अख्खा हिवाळा नुसती बसून तर होती."

शोनागच्या हातातली टेप थांबली.

"उतरव," ती म्हणाली.

तो पडद्याआड जाऊन पँट चढवून आला. तोवर तिने किल्ट टेबलावर उलटा पसरला होता. बारीक टोकाची कात्री घेऊन तिने कमरेचं अस्तर सोडवलं. पट्टे काढले. मग पहिल्या चुणीचा टाका कापला.

मर्डो खुर्ची ओढून बसला. "चहा मिळेल का?"

"नाही."

दुसरी चुणी. तिसरी. चौथी. कात्री कचकच चालली होती.

"एवढं उसवावं लागतं?"

"लागतं."

नवव्या चुणीला तो उठून उभा राहिला. "शोनाग, अगं, कंबर वाढवायचीय फक्त. तू सगळाच सोडत चाललीस."

"हो."

"वेड लागलं का तुला? शनिवारी लग्न आहे माझं!"

"नुसती बसून होते मी?" तिने मान वर केली नाही. "समुद्रापलीकडे इनव्हर्नेसच्या दवाखान्यात अकरा आठवडे, काचेच्या पेटीजवळ. आत इशबेल, साखरेच्या पुड्याएवढी. हात लावायचा नाही, उचलायचं नाही. नर्स म्हणाली, बाई, हाताला काहीतरी काम घ्या, नाहीतर डोकं फिरेल. तिची छाती वर आली की एक टाका. खाली गेली की पुढचा. तिचा श्वास अडकायचा तेव्हा माझी सुई तशीच कापडात. अकरा आठवड्यांत तू आलास किती वेळा?"

"माझं काम..."

"किती वेळा, मर्डो?"

तो टेबलाच्या कडेला हात धरून उभा राहिला. "दोनदा."

"दोन्ही वेळा परतीच्या बोटीचीच चिंता. पेटीजवळ बसलास का पाच मिनिटं? वास सहन होत नाही म्हणालास."

"वीस वर्षांचं भांडण आज काढतेस? पोरीला शब्द दिलायस तू!"

"दिलाय. पोरीला मीच सांगेन." विसावी चुणी सुटली. "तिला सगळंच सांगेन. आजवर तुझी बाजू राखून सांगत आले."

मर्डोने झेप घेऊन कापड ओढलं. ते त्याच्या हातात भसकन लांबतच आलं, टेबलावरून खाली, जमिनीवर, दारापर्यंत. राहिलेल्या चुण्यांचे टाके तिने त्याच्या हातातच कापले, एकेक करून. त्याने हात मागे घेतला नाही. घ्यायचं त्याला सुचलंच नसावं.

सव्वीस झाल्या.

"मी घालू काय आता?" तो म्हणाला.

"पँट घाल." तिने कात्री खाली ठेवली. "हे तुझं कापड. आठ वार. तुझ्या आईने घेतलं होतं, तुझंच आहे. मोजून घे, मी इंचभरही ठेवून घेतलेलं नाही."

चुण्यांच्या बाहेर राहिलेलं कापड उन्हाने विटलं होतं. चुण्यांच्या आतला हिरवा रंग मात्र दुकानातून आजच आणल्यासारखा गडद होता. मर्डो त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाकडे बघत उभा राहिला. शोनाग खाली बसली आणि जमिनीवर विखुरलेले आपल्या टाक्यांचे दोरे वेचू लागली. बोटाच्या पेराएवढे, सगळे एकसारखे. त्याच्या बुटाखाली एक अडकला होता.

"पाय उचल," ती म्हणाली.