पहिल्या दिवसाचा नमुना

दोन पेट्या, एक बॅटरी आणि एक तपासनीस बाई. एवढीशी ती प्रयोगशाळा. शाळेच्या वर्गात बाकं जोडून मांडली आणि तासाभरात रिपोर्ट द्यायला लागली. हीच पंधरा दिवस आधी आली असती तर? पण जर-तरला अर्थ नसतो म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

पूल वाहून गेल्यापासून इथले नमुने शहरात पोचलेच नव्हते, बर्फाच्या डब्यात पडून होते. बाईंनी सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केली. तिसरी नळी सुताराच्या बायकोची निघाली. ती परवाच गेली, याच साथीत. जाण्याच्या आदल्या दिवशी घेतलेला तिचा नमुनाही डब्यात होता; बाईंनी तो काढून तपासला, त्यात विषाणू सापडला. पण ही नळी तिला दाखल केलं त्या दिवशीची. हिच्यात विषाणू नव्हता. बाईंनी पुन्हा तपासलं. नव्हताच.

म्हणजे बिचारी आली ती साधा ताप घेऊन. रिपोर्ट येईपर्यंत तापाची सगळी माणसं शाळेतल्या एकाच खोलीत ठेवायची, असा नियम. त्या खोलीतच तिला रोग लागला.

सुतार सकाळपासून खिडकीबाहेर, दोरीपलीकडे उभा होता.

"ताई, एकच विचारतो. ती यायलाच तयार नव्हती. 'साधा ताप आहे, उगाच बाऊ करू नका' म्हणत होती. चार दिवस अंगावर काढला तिनं. शेवटी मीच हट्टानं आणली. उशीर तर नाही ना झाला माझ्याकडून?"

बाईंनी ती नळी परत डब्यात ठेवली. खरं सांगून आता कुणाचं भलं होणार होतं?

"नाही हो दादा. वेळेवर आणलंत तुम्ही. तुमची काही चूक नाही."

सुतार मटकन खाली बसला आणि रडला. रडून झाल्यावर त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"बरं झालं सांगितलंत. झोप नव्हती दोन दिवस. आता पोरीलाही घेऊनच येतो. कालपासून तिचंही अंग तापलंय. ऐकत नाही, आईवर गेलीय अगदी. पण उचलून आणतो आणि ठेवतो त्या खोलीत."

"नको!" बाई ओरडल्याच. "त्या खोलीत नका ठेवू तिला! घरीच असू दे. मी पेटी घेऊन येते तुमच्याकडे."

सुतार उठता उठता थांबला. बाईंकडे बघत राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तिच्या आईला मी इथं आणलं, तेव्हा तिला नक्की काय झालं होतं?"